फौजी आजोबांचे दुसरे आयुष्य

फौजेतून परतलेल्या आजोबांची आठवण बहुतेक घरांत एका फोटोवर टिकून असते. गणवेशातला, छातीवर पदकांच्या पट्ट्या असलेला, हार घातलेला तो फोटो नातवंडे रोज पाहतात. पण आजोबा कोणत्या पलटणीत होते, छातीवरचे पदक कशाचे, हे विचारले तर ‘मिलिटरीत होते’ याच्या पुढे उत्तर जात नाही. शिवाय त्या फोटोत त्यांच्या आयुष्याचा लहानसाच भाग आलेला असतो. आजोबांच्या काळी जवान अठरा-वीस वर्षांचा असताना भरती होई. पंधरा वर्षांची सेवा भरली की तो निवृत्तिवेतनाला पात्र ठरे आणि चाळिशीच्या आतबाहेर घरी परते. पुढची तीस-चाळीस वर्षे तो कुठल्या तरी कामात घालवी, घर उभे करी, नातवंडे खेळवी. या दुसऱ्या आयुष्याची नोंद सहसा कुणीच ठेवत नाही.

हे दुसरे आयुष्य कारखान्याच्या गावातही घडते. जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या महाकाळा परिसरात समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती अंकुशनगर वसले आहे. अशा कारखान्यांच्या गावांत माजी सैनिकाच्या अंगच्या शिस्तीला आणि हातातल्या कसबाला काम असते. साखर कारखाना म्हणजे केवळ ऊस आणि साखर नव्हे. तिथे फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन, बॉयलर अटेंडंट, पॅनमन आणि ड्रायव्हर लागतात, गेटवर सुरक्षारक्षक लागतो. दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी गाळप थांबते आणि मग पुढच्या सीझनपर्यंत यंत्रे खोलून दुरुस्तीची कामे चालतात. हंगामी कामगाराला मधले महिने बाहेर काही तरी करावेच लागते. गावोगावी दिसणारी वेल्डिंगची दुकाने, मोटारी भरून देणारी वर्कशॉप आणि पंपदुरुस्तीची शेड यांचा या हंगामी कामाशी जवळचा संबंध आहे.

सैनिक आणि कारागीर ही दोन माणसे वेगळी नाहीत, हे मुळात समजून घ्यायला हवे. सैन्य रायफल चालवायला शिकवते तसेच हातकामही शिकवते. पुण्याजवळ खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे. पूल बांधणे आणि सुरुंग काढणे हे सॅपरचे काम असतेच, पण सुतारकाम, गवंडीकाम, लोहारकामही त्याला येते. १९४८ च्या एप्रिलमध्ये राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून देणारे परमवीर चक्र विजेते रामा राघोबा राणे याच दलाचे. गाड्या, तोफा आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या ईएमई दलातल्या जवानाचे तर पदच ‘क्राफ्ट्समन’ असे आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर या दलाचे जवान होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक जिंकले. त्यांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीही केली. देशाने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ मध्ये. ऑलिम्पिकच्या पातळीवरचे सुवर्ण जिंकलेल्या माणसाची आठवण व्हायला इतकी वर्षे लागली, तर गावातल्या साध्या जवानाची काय कथा!

सैन्यात ‘ट्रेड्समन’ म्हणून भरती होणारेही असतात. त्यांत आचारी, धोबी, नाभिक, शिंपी, सुतार, मोची असे सगळे येतात. त्यांचेही सैनिकी प्रशिक्षण होते, तेही रायफल चालवायला शिकतात आणि पलटण जिथे जाईल तिथे जातात. काही घरांत आजोबा पलटणीत आचारी होते हे सांगायला संकोच वाटतो आणि त्यांना नुसते ‘सैनिक’ म्हटले जाते. हा संकोच सोडला पाहिजे. बर्फात, उंचावर, शंभर माणसांना गरम जेवण देणाऱ्याचे काम लढाईच्या बाहेरचे नसते. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. बलुतेदारीत सुतारकी सुताराच्या आणि लोहारकी लोहाराच्या घरात चाले. फौजेच्या वर्कशॉपने मात्र शेतकऱ्याच्या, भूमिहीनाच्या पोराच्याही हातात वेल्डिंगचे होल्डर आणि पाना दिला. त्या पोराने गावात परतून दुकान टाकले, तेव्हा गावातली एक जुनी चौकट मोडली. ती मोडल्याची नोंद कुठल्याही शिलालेखात सापडणार नाही.

शिलालेख आणि स्मारके बहुधा रणात पडलेल्यांची असतात. महाराष्ट्रात गावोगावी वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरांसह स्वर्गारोहण, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य अशी त्यांची रचना असते. पण बहुतेकांवर अक्षर नाही, त्यामुळे शेंदूर लावणाऱ्यालाही त्या वीराचे नाव ठाऊक नसते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांचे स्मारक तिथे आहे आणि गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. दिल्लीत २०१९ मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर २५ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. हे सारे योग्यच आहे. मात्र जो जिवंत परतला, ज्याने पुढे चाळीस वर्षे हातोडा किंवा स्टिअरिंग धरले, त्याचे नाव यातल्या कुठल्याच दगडावर येत नाही. त्याची आठवण ठेवण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते.

मराठवाड्यात या कामात एक अडचण जास्तीची आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जालना जिल्हा तर १९८१ मध्ये झाला. त्यामुळे जुन्या पिढीच्या कागदांवर जिल्हा औरंगाबाद किंवा परभणी असतो आणि त्याहून जुने दस्त उर्दूत किंवा मोडीत असतात. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा अंबड तालुक्यासह सगळ्या मराठवाड्यात आजोबा-पणजोबांचे कागद धुंडाळले गेले. कागद नसला की पिढी पुसली जाते, हे तेव्हा घरोघर कळले.

सैनिकाच्या बाबतीत सर्वात मोलाचा कागद म्हणजे डिस्चार्ज बुक. त्यात सैनिक क्रमांक, हुद्दा, ट्रेड, सेवेचा काळ, पदके आणि वारसांची नावे असतात. गावात प्रत्येक माजी सैनिकाला ‘मेजर’ म्हणून हाक मारतात, पण नोंदीत शिपाई, नाईक, हवालदार की सुभेदार हे नेमके यायला हवे. लोखंडी ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला क्रमांकही पुरावाच आहे. बहुतेक पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत नाव आणि क्रमांक कोरलेला असतो, तो भिंगाने वाचता येतो. १९६५ च्या युद्धाशी समर सेवा स्टार आणि रक्षा पदकाचा संबंध आहे. १९७१ च्या युद्धासाठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक दिले गेले. पूर्वी स्टार असेल तर आजोबा बांगलादेशच्या बाजूला होते, पश्चिमी असेल तर पश्चिम सीमेवर. पत्रांवरचा ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ हा सैनिकी टपालाचा पत्ता आणि शेजारचा टपालाचा शिक्काही तपासावा, त्यावरून नेमणुकीचा माग लागू शकतो.

कामधंद्याचे कागद मात्र कुणी जपत नाही. दुकानाचे बिलबुक, मापे टिपलेली वही, बॉयलरचे किंवा वाहनाचे लायसन्स, कारखान्याचे ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी हे सगळे आजोबा गेल्यावर रद्दीत जाते आणि अवजारे भंगारात. खरे तर कारागिराची सगळ्यात मोठी नोंद त्याने केलेल्या वस्तूंत असते. त्याने बसवलेली दारे, वेल्डिंग केलेली मंदिराची ग्रिल, शाळेचे फाटक, बैलगाडीचा साटा यांचे फोटो काढून ठेवावेत आणि वर्ष लिहावे. त्याच्या हाताखाली शिकून पुढे मिस्त्री झालेली पोरे कोण, याची यादी करावी. ती माणसे आजोबांविषयी जे सांगतील ते घरच्यांनाही माहीत नसते.

आजोबा हयात असतील तर मोबाइलवर त्यांचे बोलणे टिपून घेणे सर्वात सोपे. ‘लढाईचे सांगा’ म्हटले की बरेच जण गप्प होतात. त्याऐवजी भरतीला कोणत्या गाडीने गेलात, पहिली मनीऑर्डर किती रुपयांची होती, पहिले काम कुणाचे केले, असे विचारले की बांध फुटतो. नातवंडांनी विचारले तर अधिकच, कारण मुलाला जे सांगितले नाही ते आजोबा नातवाला सांगतात. मराठवाड्यात वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवतात आणि पुण्यस्मरणाची पत्रिका छापतात. तीत निमंत्रक म्हणून मुला-नातवांची नावे ओळीने असतात, पण ज्याचे स्मरण त्याची पलटण आणि त्याचा धंदा यांचा उल्लेखही नसतो. दोन ओळी वाढवल्या तर तीच पत्रिका पुढच्या पिढीला दस्तऐवज होईल.

डिस्चार्ज बुक हरवले असेल तर वारसाने सैनिक क्रमांकासह संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यासाठी मार्गदर्शन मिळते. निवृत्तिवेतन न मिळालेल्या सैनिकांची सेवाकागदपत्रे २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात. तेव्हा हे काम पुढच्या पितृपक्षावर टाकू नका.