कॅमेरा तुमचा, नकारही तुमचा

सुरुवात

एरवी ज्यांच्यावर कार्यक्रम होतात, त्यांनाच कार्यक्रम करू द्यायचे, यासाठी बीबीसीने 1972 मध्ये 'कम्युनिटी प्रोग्राम युनिट' सुरू केले. 'ओपन डोअर'मध्ये संस्था-संघटनांना वेळ मिळाला, 1990 च्या 'व्हिडिओ डायरीज'मध्ये एकेकट्या माणसाला. 1993 मध्ये ख्रिस मोहर आणि मँडी रोझ यांनी 'व्हिडिओ नेशन' हाती घेतले. प्रेरणा 1937 च्या 'मास ऑब्झर्व्हेशन'ची. त्यात सामान्य ब्रिटिश माणसे रोजच्या जगण्याची टिपणे लिहून पाठवत. आता वहीऐवजी कॅमकॉर्डर आला.

काम कसे चाले

देशभरातून पन्नासेक जण निवडले गेले. थोडे शिकवून हाय-एट कॅमेरा वर्षभरासाठी त्यांच्या घरीच ठेवला. वाटेल तेव्हा चित्रण करायचे आणि टेप पाठवायची. बीबीसीतली मंडळी ती बघून साधारण दोन मिनिटांचा तुकडा काढत. तो पुन्हा त्या माणसाला दाखवला जाई आणि त्याने 'नको' म्हटले की विषय संपला. लोकांच्या मोकळेपणाचे सगळे श्रेय छोट्या कॅमेऱ्याला दिले जाते, ते मला पटत नाही. हा नकार हाती नसता, तर लोक स्वतःच्या घरात इतके मोकळे बोललेच नसते.

दोन मिनिटांत काय दिसे

हे तुकडे बीबीसी टूवर रात्री 'न्यूजनाइट'च्या आधी लागत. म्हणजे राजकारण्यांची खडाजंगी सुरू होण्यापूर्वी दोन मिनिटे कुणीतरी साधा माणूस. 'मिरर' या गाजलेल्या तुकड्यात एक वयस्कर गृहस्थ आरशासमोर उभे आहेत. चेहरा म्हातारा झाला, पण आतला मी काही तसा नाही, असे काहीसे ते बोलतात. ना निवेदक, ना पार्श्वसंगीत. (आपल्याकडे यावर सनई नक्की वाजली असती!)

वारसा कोणाकडे

टीव्हीवरचे पर्व 2000 मध्ये आटोपले. पुढे 2011 पर्यंत उपक्रम इंटरनेटवर चालला. दरम्यान 2005 मध्ये यूट्यूब आले. त्यावरच 24 जुलै 2010 या एका दिवसाचे चित्रण जगभरातून मागवून केव्हिन मॅकडोनाल्ड यांनी 'लाइफ इन अ डे' हा चित्रपट केला. सुमारे 4,500 तासांतून काय ठेवायचे, हे मात्र दिग्दर्शक-संपादकांनी ठरवले.

गोव्यातून चालणाऱ्या 'व्हिडिओ व्हॉलंटिअर्स' या संस्थेची वाट वेगळी. 2010 पासून तिच्या 'इंडियाअनहर्ड' या उपक्रमासाठी गावागावांतले, वस्त्यांतले वार्ताहर पाणी, रस्ता, शाळा यांवर व्हिडिओ करतात. तो अधिकाऱ्याला दाखवून पाठपुरावा करायचा आणि काम झाले की त्याचाही व्हिडिओ करायचा, अशी तिथली पद्धत.