खळ्यावरचा हप्ता

सावनेरहून सकाळी नागपूरला सुटणाऱ्या बसमध्ये काही माणसं कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेली असतात. आत एक्सरे, जुन्या चिठ्ठ्या, रेशनकार्डाची झेरॉक्स. नागपूरच्या सरकारी रुग्णालयांपैकी कोणी ‘मेडिकल’ला निघालेलं, कोणी ‘मेयो’ला. पिशवी भरण्याआधी रात्रभर घरात हिशेब झालेला असतो: हातउसने कोण देईल, सोनं गहाण ठेवायचं का, जनावर विकायचं का.

या हिशेबाला हंगाम असतो. आमच्या भागात पैसा येतो तो कापूस, सोयाबीन आणि संत्र्याच्या बहारासोबत. ताप, कावीळ, सर्पदंश मात्र पावसाळ्यात वाढतात, आणि तोवर होतं नव्हतं ते बी-खतात, वावरात गेलेलं असतं. कोळसा खाणीतल्या कायम कामगाराला कंपनीच्या दवाखान्याचा आधार आहे. शेतमजुराला फक्त ओळखीचं माणूस असतं. उपचाराचा खर्च जड जातोच, पण तो वर्षाच्या सगळ्यात रिकाम्या दिवसांत मागितला जातो, हे मला त्याहून कठीण वाटतं.

नेमकी हीच गाठ सोडवण्याचा एक प्रयत्न नागपूरच्या नैर्ऋत्येला, सेवाग्रामला झाला. तिथलं कस्तुरबा रुग्णालय मूळचं लहान दवाखाना. 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी त्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. याच संस्थेतल्या डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत आरोग्य विमा रुजवला. लोक त्याला ज्वारीच्या नावानं ओळखतात, कारण हप्ता ज्वारीत घेतला जाई, आणि तोही सुगीत, घरात धान्य असताना. आजारी माणसाच्या उशाशी बसून पैसे मागायची वेळच येऊ नये, अशी ती रचना.

हप्ता सगळ्यांना सारखा नव्हता. ज्याची जमीन जास्त त्यानं जास्त पायल्या द्यायच्या, भूमिहीनानं थोड्या. उपचार मात्र जमिनीवर ठरत नसत, गरजेवर ठरत. दुसरी अट अधिक धाडसाची होती: गावातली निदान 75 टक्के कुटुंबं सामील झाली तरच त्या गावाला योजना. एकट्यादुकट्याला विकत घेता येईल असा हा विमा नव्हता. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे तोच तेवढा पैसे भरतो आणि धडधाकट बाहेर राहतो, हा कोणत्याही विम्याचा जुना रोग. विम्याच्या मोठ्या बाजारालाही त्यावर सोपा इलाज सापडलेला नाही. इथे मात्र शेजाऱ्याला समजावून आणणं गावाचंच काम झालं.

बदल्यात काय मिळे? गावातच आरोग्यसेवक आणि प्राथमिक औषधं. अचानक उद्भवलेल्या आजारासाठी रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर उपचार मोफत. बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया अशा आधी ठाऊक असणाऱ्या गोष्टींसाठी बिलाचा चौथा हिस्सा भरायचा. हा भेद मला फार शहाणपणाचा वाटतो. ज्याची तयारी करता येते त्यासाठी कुटुंबानं थोडं बाजूला ठेवावं, आणि ज्याची करता येत नाही ते ओझं सगळ्यांनी मिळून उचलावं.

ज्वारीच्या पोत्यांवर एवढं मोठं रुग्णालय चालत नव्हतं, हेही सांगायला हवं. संस्थेच्या खर्चाचा निम्मा भाग केंद्र सरकार, चौथाई राज्य सरकार आणि उरलेला संस्था स्वतः उभारते, अशी तिची घडण. म्हणजे गावाचा वाटा खर्च भागवण्यापुरता नव्हताच. पण ज्यानं पायली मोजून दिली, तो खिडकीपाशी दान मागायला उभा राहत नाही, सभासद म्हणून येतो. पुढे शेतांतून ज्वारी हटली, सोयाबीन आलं, आणि रोख रकमेतही हप्ता येऊ लागला.

सावनेरच्या माणसाकडे आज हक्काच्या वाटा बऱ्याच आहेत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे ग्रामीण रुग्णालयातही, उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाकडे असल्यानं ‘मेडिकल’ त्यात येत नाही. तिथे मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असते. 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना 2013 मध्ये राज्यभर गेली. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचं संरक्षण होतं. 2023 च्या निर्णयानं ते पाच लाख झालं आणि सगळ्याच रेशनकार्डधारकांना दार उघडलं. त्याआधी पांढऱ्या रेशनकार्डावरच्या शेतकऱ्याला वर्धा जिल्ह्यात लाभ मिळे, कारण वर्धा शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांत होता. नागपूर त्यात नव्हता, म्हणून सावनेरच्या तशाच शेतकऱ्याला तो मिळत नसे.

योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. तो कार्ड तपासतो, उपचार यादीत आहे का पाहतो, मंजुरीसाठी कागद पुढे पाठवतो. घाबरलेल्या नातेवाइकाला त्या गर्दीत त्याचाच आधार. पण रेशनकार्डावर सुनेचं नावच चढलेलं नसेल, आधारवरचं नाव वेगळं असेल, तर आरोग्यमित्र तरी काय करणार? आणि रुग्णालयापर्यंत येण्याचं गाडीभाडं, सोबतच्या माणसाचं जेवण, बुडालेली मजुरी हे कोणत्याच यादीत नाही.

2 ऑक्टोबरला गावोगावी ग्रामसभा भरते, सोयाबीन निघायच्या तोंडावर. सावनेर तालुक्यातल्या गावांनी त्या दिवशी घराघरातली कार्डं एका सतरंजीवर मांडून नावं जुळवून घ्यावीत, आणि गाडीभाड्यापुरता का होईना, पीक विकलं की भरायचा एक गावनिधी तिथेच ठरवावा.