सोमच्या चिखलातून थेट बगदादला

1916 चा ऑगस्ट. फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर ब्रिटिश पलटणी कापल्या जात होत्या, आणि महिनाअखेरीस लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरात ‘चू चिन चाऊ’ या संगीतिकेचा पडदा वर गेला. लेखन ऑस्कर आशचं, संगीत फ्रेडरिक नॉर्टनचं, गोष्ट अलीबाबा आणि चाळीस चोरांची. झगमगते पोशाख, तोकड्या कपड्यांतल्या नर्तकी, रंगमंचावर जिवंत जनावरं. महायुद्धाचा मात्र मागमूस नाही. खंदकातल्या उवा अंगावर घेऊन रजेवर आलेल्या शिपायाला हेच हवं होतं. समीक्षकांना त्यात खोट दिसेल, पण ज्याला उद्या परत मरणाच्या दारात जायचंय त्याने आज वास्तववादी नाटक का बघावं? 1921 पर्यंत 2,238 प्रयोग झाले. तो विक्रम जवळपास चाळीस वर्षं मोडला नाही.

युद्धकाळातली अशी नाटकं युद्ध दाखवत नाहीत. युद्धाने काय हिरावून नेलं, ते दाखवतात. म्हणजे गतकाळाची ओढ नंतर सुचलेली नव्हे, ती तोफा धडधडत असतानाच सुरू झालेली असते.

ही नस संगीतकार आणि नट आयव्हर नॉव्हेलोइतकी कुणालाच सापडली नाही. 1914 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, घरच्या चुली पेटत्या ठेवा असं सांगणाऱ्या गाण्याला त्याने चाल दिली आणि ते घरोघर पोचलं. पुढे त्याचं ‘द डान्सिंग इयर्स’ हे संगीत नाटक मार्च 1939 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरला आलं. 1911 च्या व्हिएन्नात सुरू होणारी ही ज्यू संगीतकाराची प्रेमकथा नाझी राजवटीपर्यंत येते. सप्टेंबरात युद्ध पुकारलं गेलं, सरकारने सगळी नाट्यगृहं बंद केली आणि हेही थांबलं. 1942 मध्ये ते ॲडेल्फी थिएटरला पुन्हा उभं राहिलं, तेव्हा व्हिएन्ना शत्रूच्या राज्यातलं शहर होतं. तरी बॉम्बहल्ल्यांनी पोळलेले लंडनकर अंधारात चाचपडत थिएटर गाठायचे आणि जुन्या व्हिएन्नाच्या वॉल्ट्झवर डोलायचे. त्यांना ते व्हिएन्ना वाटतच नसावं. ते त्यांचंच, युद्धाआधीचं जग होतं.

वास्तवाने नॉव्हेलोलाही सोडलं नाही. पेट्रोलवर कडक निर्बंध असताना स्वतःची रोल्स-रॉइस चालू ठेवण्यासाठी केलेली लबाडी उघडकीस आली आणि 1944 मध्ये त्याला चार आठवडे वर्मवुड स्क्रब्जच्या तुरुंगात काढावे लागले. सुटून तो ‘द डान्सिंग इयर्स’मध्येच परतला, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रेशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या लोकांनी त्याला इतक्या सहज माफ करावं, याचं मला नवल वाटतं. एप्रिल 1945 मध्ये आलेल्या ‘परचान्स टू ड्रीम’मध्ये त्याने ताटातुटीनंतरच्या भेटीचं गाणं दिलं. ते वेळेवर आलं: दोन-तीन आठवड्यांत युरोपातली लढाई संपली. प्रयोग 1,022.

या गोडव्याला उलटं फिरवलं दिग्दर्शिका जोन लिटलवूडने. सुरुवात मात्र दुसऱ्याच एका शोधातून झाली. पहिल्या महायुद्धात बाप गमावलेला रेडिओ निर्माता चार्ल्स चिल्टन फ्रान्समध्ये त्याची कबर शोधायला गेला. कबर नव्हती, अरासच्या स्मारकावर कबर नसलेल्या सुमारे 35 हजार नावांत बापाचं एक नाव होतं. त्यातून त्याचा सैनिकांच्या गाण्यांवरचा रेडिओ कार्यक्रम जन्मला आणि त्यावरून मार्च 1963 मध्ये स्ट्रॅटफर्ड ईस्टच्या थिएटर रॉयलमध्ये ‘ओ व्हॉट अ लव्हली वॉर’. लिटलवूडने खाकी गणवेश नाकारून नटांना विदूषकी पियरोचे झगे दिले. पुढे गाणं रंगात, आणि मागे सरकत्या दिव्यांच्या अक्षरांत लढाईचं नाव, मेलेल्यांचा आकडा, जिंकलेली जमीन शून्य यार्ड. जुनी चाल गुणगुणत आलेल्या म्हाताऱ्यांचा सूर तिथे घशातच अडकला असणार.

मूळ प्रयोगाचा शेवट, हा युद्धाचा खेळ अजून चालूच आहे, अशा कडवट निवेदनावर व्हायचा. नाटक लंडनच्या व्यावसायिक वेस्ट एंडला गेलं, आणि व्यवस्थापनाला रडवेला शेवट नको होता म्हणे. निवेदनानंतर सगळा संच पुन्हा मंचावर येऊन तीच गाणी झोकात म्हणू लागला. स्ट्रॅटफर्डचा प्रयोग पाहिलेल्यांना ते फार खटकलं. तिकीट काढून आलेले मात्र खुशीत घरी जात.