गोंदियाचे २१ बाइट

‘गोंदिया’ हा शब्द संगणकात २१ बाइट जागा घेतो. डोळ्यांना अक्षरे दिसतात तीनच. पण युनिकोडमध्ये अनुस्वार, वेलांटी, काना हे सगळे वेगळे मोजले जाते. अशी चिन्हे होतात ७, आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. इंग्रजी अक्षराचे एका बाइटात भागते. तरीही मराठी मजकूर पाठवायला जड, हा समज चुकीचा आहे.

त्या तीन बाइटांतला पहिला कायम २२४ असतो, दुसरा १६४ किंवा १६५. फाइल दाबून लहान करणाऱ्या झिपला अशी पुनरावृत्तीच हवी असते. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी १९७७ साली मांडलेली युक्ती अशी, की येऊन गेलेला मजकूर पुन्हा लिहायचाच नाही. ‘इतके मागे जा, तिथून इतके उतरवून घे’ एवढीच नोंद करायची. धानविक्रीच्या यादीत शेतकऱ्यागणिक ‘तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया’ येते. हे ९२ बाइट एकदाच लिहावे लागतात, पुढच्या ओळींत साधारण तीन बाइट पुरतात. त्यावर डेव्हिड हफमन यांची १९५२ची पद्धत चालते: वारंवार येणाऱ्याला आखूड संकेत, क्वचित येणाऱ्याला लांब. फाइल उलगडली की एकही बिट हरवलेला नसतो.

जेपीईजी फोटो मात्र डोळ्याला न जाणवणारे बारकावे टाकून आधीच दाबलेला असतो; तो झिप करून हाती फारसे काही लागत नाही. म्हणूनच टाइप केलेल्या यादीची प्रिंट काढायची, सही-शिक्का मारायचा आणि तिचा फोटो पाठवायचा, ही आपली रीत मला मनापासून खटकते. काही केबींचे काही एमबी होतात, वर यादीत नावही शोधता येत नाही. सालेकसा, देवरीच्या जंगलपट्ट्यात रेंज तुटते तिथे हा भार कशाला? सही हवीच असेल तर सोबत मूळ फाइलही द्यावी.

ईमेलचे जुने नियम ७ बिटांच्या अक्षरांपुरते होते. त्यामुळे मेल पाठवताना जोडलेल्या फाइलचे बेस-६४ रूपांतर होते, दर ३ बाइटांची ४ अक्षरे. गोंदियाचे २१ तिथे २८ होतात, २० एमबीची फाइल जवळपास २७ एमबीची, आणि २५ची मर्यादा असलेला सर्व्हर ती परत पाठवतो. तेव्हा मजकूर आधी झिप करावा, मग जोडावा. झिपमधल्या प्रत्येक फाइलसोबत ३२ बिटांची पडताळणीची संख्याही (सीआरसी) जाते. उघडताना ‘सीआरसी एरर’ दिसली, तर फाइल बिघडली आहे असे समजावे आणि ती पुन्हा मागवावी.