भुंगा नेमकी खालची बाजू पकडतो

होळी जवळ आली की मला फार्महाउसवाल्यांचे फोन सुरू होतात. कोणी चौकहून, कोणी नेरळच्या पुढून, कोणी खोपोलीच्या अलीकडून. बोलणं ठरलेलं: "काका, पडवीत भुंगे झालेत. औषध मारणारा कोणी ओळखीचा असेल तर पाठवा." औषधवाला मी पाठवत नाही. शिडी, टॉर्च आणि खिशात रद्दी घेऊन स्वतःच जातो. सुतारकीत केस पांढरे झाले, त्यामुळे एवढं कळतं की भुंग्याचा बंदोबस्त लाकडापासूनच सुरू करावा लागतो.

आधी भोक बघायचं. वाळवी मातीची नळी ओढत भिंतीवरून चढते. घुण लागला की टाचणीएवढी बारीक भोकं पडतात आणि खाली पिठूळ भुकटी साचते. भुंग्याचं भोक करंगळी जाईल एवढं, अगदी गोल, साफ कडांचं. तेही बहुतेक वेळा वाशाच्या नाहीतर तुळईच्या खालच्या अंगाला. फरशीवर रवाळ भुसा पडलेला असतो आणि भोकाखाली पिवळट-तपकिरी ओघळ दिसतात.

भुंगा लाकूड खात नाही. मादी जबड्याने ते कोरते आणि भुसा बाहेर टाकते. थोडी आत गेली की काटकोनात वळते आणि लाकडाच्या रेषेने वीतभर बोगदा काढते. एका जुन्या घराचा वासा मी उतरवून उभा चिरला, तेव्हा आतला संसार दिसला. एकामागे एक खोल्या, मध्ये भुसा दाबून केलेले पडदे, प्रत्येक खोलीत परागाचा चिकट पिवळा गोळा आणि त्यावर एकच अंडं, भाताच्या दाण्यापेक्षा मोठं, जरासं वाकलेलं. किड्यांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या अंड्यांमध्ये भुंग्याचं अंडं मोजतात.

लोक घाबरतात ते आवाजाला. तोंडासमोर येऊन घोंघावणारा, हटता न हटणारा असतो तो बहुतेक नर. तो आपली हद्द राखत असतो आणि त्याला नांगीच नसते. मादीला असते, पण मुठीत धरल्याशिवाय किंवा दाबल्याशिवाय ती सहसा चावत नाही. आग्या मोहोळासारखा भुंग्यांचा थवा अंगावर येत नाही, कारण भुंग्यांचं मोहोळच नसतं. कर्णाची मांडी पोखरणाऱ्या भुंग्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणून धास्ती जरा जास्तच. जुनी माणसं मात्र भुंग्याला नीट ओळखत होती. शके 1212 मधल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, मोहात सापडलेल्या अर्जुनासाठी, कोरडं लाकूड सहज भेदणारा पण कोवळ्या कळीत अडकून पडणारा भ्रमर येतो. त्यातला 'कोरडं' हा शब्द सुतारानेही लक्षात ठेवावा.

कारण भुंग्याला हवं असतं कोरडं, उघडं, जरा मऊ लाकूड. आमच्याकडच्या जुन्या घरांत सागाचा किंवा ऐनाचा पक्का गाभा वापरत, वर तेलाचा हात फिरे आणि चुलीचा धूर वर्षभर वाशांना लागे. आता शनिवार-रविवारच्या बंगल्यांत पाइनच्या फळ्या, सागाचं बाहेरचं पांढरं लाकूड आणि उघडा बांबू असतो. त्यातून रंगारी दिसते तेवढीच बाजू रंगवतो. वाशाचं पोट आणि कापलेली टोकं कोरीच राहतात. भुंगा नेमकी तीच पकडतो. एखाद्या भोकाने घर पडत नाही. पण पोरी मोठ्या होऊन त्याच लाकडाकडे परततात, जुना बोगदा लांबवतात, शेजारी नवा काढतात. मग आतल्या अळ्या खायला सुतार पक्षी येऊन टोचा मारतो आणि पावसाचं पाणी आत मुरतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या आमच्या तालुक्यांत खरा घात हे मुरलेलं पाणीच करतं.

आता उपाय. भोक दिसलं की लगेच लांबी भरू नका. आत मादी असेल तर ती दुसरीकडून कोरून बाहेर पडते आणि एकाची दोन भोकं होतात. संध्याकाळी कागदाचा सैल बोळा भोकाच्या तोंडाशी ठेवा. दुसऱ्या दिवशी तो ढकललेला दिसला तर घर भरलेलं आहे. पिल्लं उडेपर्यंत थांबा. दोन-चार दिवस बोळा जागचा हलला नाही, की तारेने बोगदा साफ करायचा, सागाची खुंटी फेविकॉल लावून ठोकायची, पॉलिश पेपर मारायचा आणि वर रंग. नुसती लांबी भुंगा पुन्हा कोरतो, खुंटीशी तो सहसा खटपट करत नाही.

रंगाचं म्हणाल तर ऑइलपेंट सर्वांत भरवशाचा, दोन हात, पोट आणि टोकांसकट. लाकडाचा पोत दिसायला हवा असेल तर वार्निश किंवा जवसाचं तेल चालतं, पण ते लवकर उतरतं आणि पुन्हा लावावं लागतं. काजूच्या टरफलांचं तेल कोकणात होड्यांना लावतात; ते लाकडालाही उत्तम, फक्त कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालूनच लावा. बांबूची उघडी टोकं बंद करा. हे सगळं मे महिन्यात, कौलं परतायच्या वेळीच उरकावं. शिडी तेव्हा लावलेलीच असते.

लिंबाच्या साली, लसूण, कडुनिंबाचं तेल यांच्या फवाऱ्याबद्दल सगळे विचारतात. वास उग्र असेपर्यंत भुंगा दूर राहतो, वास उडाला की परत येतो. नवा भुंगा जागा हेरत फिरत असेल, तेव्हा रंगारी येईपर्यंतचे चार दिवस काढायला फवारा ठीक. भोकात पेटती अगरबत्ती मात्र खुपसू नका, आत कोरडा भुसा असतो.

विषाचा पंप मारू नका असं मी का सांगतो, तेही ऐका. अंगणातल्या शेवग्याच्या फुलांवर, भाताच्या बांधावरच्या तुरीवर, मारुतीला वाहतो त्या रुईवर भुंगा काम करतो. तुरीचं मिटलेलं फूल उघडायला वजन लागतं, ते त्याच्याकडे आहे. कुंपणावर पॅशनफ्रूटचा वेल चढवलेल्यांनी तर भुंग्याचे आभारच मानावेत. आमच्या खांडसहून घाट चढून गेलं की भीमाशंकरचं जंगल लागतं. तिथे वारसाच्या झाडाची पांढरी फुलं रात्री उमलतात आणि भुंगा रात्रीच त्यांवर येतो, हे हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस यांनी 2001 मध्ये मांडलं. पुढे 2008 मध्ये त्यांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत दाखवलं, की तिथला एक भुंगा नुसत्या चांदण्यांच्या उजेडातही रंग ओळखून आपलं भोक शोधतो. मला टॉर्चशिवाय वाशाचं पोट दिसत नाही.

म्हणून घरचे वासे रंगवले की मी मालकाला आणखी एक काम सांगतो. पांगाऱ्याचा किंवा आंब्याचा एखादा वाळका ओंडका घरापासून लांब, कुंपणाला, पाऊस लागणार नाही असा आडवा बांधायचा. त्याला रंग लावायचा नाही, तेलही नाही. काही जण हसतात, काही बांधतात. भुंगा तिकडे वळेलच अशी हमी मी देत नाही. पण घरातली प्रत्येक उघडी फळी बंद झाल्यावर त्याला कुठेतरी जायचंच आहे, आणि शेवगा तर आपल्याला आपल्याच अंगणातला हवा असतो.