सरळ रस्ते म्हणजे लोकशाही नव्हे

प्राचीन ग्रीक शहर म्हटले की काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आणि टेकडीवरचे संगमरवरी मंदिर डोळ्यांसमोर येते. आखीव रस्ते ही लोकशाहीची देणगी आणि ॲक्रोपोलिस हे तिचे सत्ताकेंद्र, असेही मग सहज मानले जाते.

प्रत्यक्षात लोकशाहीचे माहेरघर असलेल्या अथेन्सच्या गल्ल्या वाकड्यातिकड्याच राहिल्या. सिसिलीतल्या मेगारा हिब्लाया या ग्रीक वसाहतीत मात्र इ.स.पू. आठव्या शतकातच समांतर रस्ते आखून मधली जागा सर्वांसाठी मोकळी ठेवली होती. अथेन्सची लोकशाही त्यानंतर दोनशे वर्षांनी आली.

चौकटीच्या रचनेचे श्रेय ज्याला दिले जाते, तो मिलेटसचा हिप्पोडॅमस त्याहूनही नंतरचा, इ.स.पू. पाचव्या शतकातला. अथेन्सचे बंदर पिरेअस त्याने आखले. पण त्याचे खरे वेगळेपण समाजाच्या आखणीत होते. ॲरिस्टॉटल सांगतो की त्याच्या आदर्श नगरात 10,000 नागरिक होते. कारागीर, शेतकरी आणि सैनिक असे त्यांचे तीन वर्ग, आणि जमिनीचेही तीन वाटे: देवांचा, सार्वजनिक आणि खासगी.

ॲक्रोपोलिसबद्दल ॲरिस्टॉटलचेच मत फार मोलाचे आहे. उंच बालेकिल्ला राजेशाहीला किंवा मूठभरांच्या सत्तेला सोयीचा, सपाट जमीन लोकशाहीला, असे तो म्हणतो. अथेन्सचा कारभार खरोखरच टेकडीच्या पायथ्याशी चाले.

ती जागा म्हणजे अगोरा. तिला नुसता बाजार समजणे चूक आहे. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 500 जणांच्या मंडळाचे सभागृह तिथेच होते. त्यांतले 50 जण पाळीपाळीने वर्षाचा दहावा भाग कामावर असत आणि शेजारच्या गोल इमारतीत सरकारी खर्चाने जेवत. नवे कायदे सुचवले, की त्यांचे फलक अथेन्सच्या दहा कुळांच्या वीरपुरुषांच्या पुतळ्यांखाली लागत. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावेत म्हणून.

मात्र अगोरा सगळ्यांना खुली होती, हाही गैरसमजच. इ.स.पू. 500च्या सुमाराचे तिचे हद्दीचे दगड सापडले आहेत. ‘मी अगोराची सीमा आहे’ असे त्यांवर कोरलेले आहे. रणांगणातून पळालेल्याला त्या हद्दीत पाऊल टाकायला बंदी होती. स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी तिथे खरेदी-विक्री करत. पण जवळच्या प्निक्स टेकडीवर नागरिकांची सभा भरे, तेव्हा यांपैकी कोणालाही मत नव्हते. महत्त्वाच्या काही निर्णयांसाठी त्या सभेत 6,000 नागरिक हजर असावे लागत.