दाताची कीड आणि सहावा दात

पालकसभेत दातांचा विषय निघाला, की काही ठरावीक प्रश्न हमखास येतात. ते शिक्षकांनाच विचारले जातात, कारण गावात दंतवैद्य असतोच असे नाही. त्यांतले काही प्रश्न येथे घेत आहोत.

दाताला खरोखर कीड लागते का?

लाकडात भुंगा असतो तसा दातात किडा असतो, ही समजूत फार जुनी आहे आणि ती केवळ आपल्याकडचीच नाही. फ्रान्समधील दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ साली आपल्या ग्रंथात ही कल्पना नाकारली. खरे कारण बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर यांनी १८९० साली मांडले. तोंडातले जीवाणू साखर आणि पिष्टमय पदार्थ आंबवतात. त्यातून आम्ल तयार होते आणि ते दात विरघळवते.

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे दंतवल्क, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. पण दातावरच्या चिकट थराचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला, की ही खनिजे विरघळू लागतात. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच तसे होते. मग लाळ आम्ल सौम्य करते आणि तिच्यातील कॅल्शियम व फॉस्फेट दाताची थोडीफार डागडुजी करतात. याला अर्धा ते एक तास लागतो.

म्हणूनच किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे अधिक महत्त्वाचे. जेवणाबरोबर दोन लाडू खाल्ले तर दातावर आम्लाचा हल्ला एकदा होतो. दर अर्ध्या तासाने एकेक गोळी चघळणाऱ्या मुलाच्या दाताला मात्र डागडुजीला उसंतच मिळत नाही.

दुखत नाही, मग दाखवायचे कशाला?

दंतवल्कात चेतातंतू नसतात, त्यामुळे ते झिजताना कळत नाही. दात ठणकू लागतो तेव्हा कीड बहुधा आतल्या मगजाजवळ पोहोचलेली असते. लवंगेच्या तेलाने ती जागा बधिर होते, कीड थांबत नाही. याउलट, सुरुवातीला दातावर फक्त खडूसारखा पांढरा डाग दिसतो. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट दिवसातून दोनदा वापरली आणि गोडाच्या वेळा कमी केल्या, तर या टप्प्यावर कीड थोपवता येते. खड्डा पडल्यावर तो आपोआप भरून येत नाही, कारण दंतवल्क बनवणाऱ्या पेशी दात उगवताना नष्ट झालेल्या असतात.

दात साफ करून घेतले की हलायला लागतात का?

नाही. दाताच्या मुळाशी साचलेल्या दगडासारख्या थरामुळे हिरडी सुजते आणि आधार देणारे हाडही हळूहळू झिजते. थर काढल्यावर ही आधीच झालेली हानी उघडी पडते, एवढेच. वरची दाढ काढल्याने दृष्टी अधू होते, ही भीतीही निराधार आहे. दातांची संवेदना पाचव्या मस्तिष्क-चेतेतून जाते, दृष्टीची दुसरीतून.

खेळताना दात मुळासकट पडला तर?

पुढचा कायमचा दात असेल तर तो शोधावा. मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. माती लागली असल्यास दुधात हलकेच विसळावा, घासू नये. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात लगेच खाचेत बसवून वर स्वच्छ रुमाल चावायला द्यावा. ते जमत नसेल तर थंड दुधात ठेवून, शक्यतो तासाभराच्या आत, दंतवैद्याकडे न्यावे. मुळावरच्या पेशी दुधात काही काळ जिवंत राहतात, साध्या पाण्यात त्या लवकर मरतात. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, खालच्या अंकुराला इजा होऊ शकते.

दुधाचेच दात ना, पडणारच आहेत!

या वाक्याने सर्वांत मोठे नुकसान होते. दुधाचे दात वीस असतात, प्रत्येक अर्ध्या जबड्यात पाच. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्यामागे पहिली कायमची दाढ येते. ती कोणताही दात न पाडता येते, म्हणून घरात कोणाच्या लक्षातच येत नाही. पुढे ती दिसली तरी दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. तिच्यावर खोल खाचा असतात, ब्रश मागपर्यंत पोहोचत नाही आणि ती लवकर किडते. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

हे वर्गातच दाखवता येईल. दुसरी-तिसरीच्या मुलांना आरसा द्या. समोरच्या मधल्या रेषेपासून मागे एकेक दात मोजायला सांगा. सहावा दात सापडला, की सांगा : हा आयुष्यभर पुरवायचा आहे. मुले घरी जाऊन हे सांगतीलच.